घरातला जुना फोन आई-बाबांनाच का?

घरात नवा स्मार्टफोन आला की जुना कुणाकडे जातो? बहुतेक घरांत आई-बाबांकडे. "त्यांना काय, फोन तर उचलायचा असतो!" डॉक्टर म्हणून माझं मत नेमकं उलट आहे. बजेटमधला का होईना, नवा फोन ज्येष्ठांना द्या आणि जुना धडधाकट मुलांनी वापरावा.

कळमना मार्केट यार्डात दिवसभर पोती वाहणारे साठीचे हमालकाका घ्या, किंवा दुपारी घरी एकट्या असणाऱ्या मधुमेही आजी. शुगर अचानक कमी झाली, घाम फुटला, हातपाय थरथरले, छातीत कळ आली, तर 108 ला फोन लावायचा असतो. त्याच वेळी फोन 20 टक्क्यांवरून थेट बंद पडला तर?

बॅटरी अशी का वागते?
लिथियम-आयन बॅटरी साधारण 500 वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता 80 टक्क्यांच्या आसपास येते. उष्णतेने ही झीज आणखी वाढते. अनेक कंपन्या फोन 35 अंशांपर्यंतच वापरायला सांगतात आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. टिनाच्या शेडखाली तर विचारूच नका.

झिजलेल्या बॅटरीत वायू साठून ती फुगू शकते. मागचं झाकण उचललं गेलं किंवा स्क्रीन वर आली, तर तो फोन शर्टाच्या खिशात किंवा उशीखाली ठेवू नका. बंद करा, चार्ज करू नका, दाबू किंवा टोचू नका आणि दुरुस्तीवाल्याकडे द्या. कचऱ्यात टाकू नका. भाजलंच, तर 20 मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद काहीही लावू नका आणि दवाखान्यात या.

"नव्या फोनमध्ये रेडिएशन जास्त असतं ना?"
नाही. भारतात 2012 पासून शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओ ऊर्जेची मर्यादा दर किलोला 1.6 वॅट आहे आणि ती स्वस्त-महाग सगळ्या फोनना सारखीच लागू आहे. बऱ्याच फोनवर *#07# डायल केलं की आकडा दिसतो. उलट रेंज कमी असेल तिथे फोन जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो. म्हणजे जुना फोन जास्त सुरक्षित, हा गैरसमज आहे.

घेताना काय पाहाल?
• कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा मोठी बॅटरी, उन्हात दिसणारी स्क्रीन आणि मोठा, स्पष्ट आवाज.
• सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार? आता रिपोर्ट, आभा क्रमांक आणि बँक, सगळं फोनमध्येच असतं.
• सेकंडहँड घेत असाल तर *#06# वर मिळणारा आयएमईआय क्रमांक केवायएम या अक्षरांपुढे लिहून 14422 वर एसएमएस करा. फोन काळ्या यादीत आहे का, ते कळतं.

फोन दिल्यावर अर्धा तास सोबत बसा. अक्षरं मोठी करा. लॉक स्क्रीनवरच्या आपत्कालीन माहितीत रक्तगट, आजार आणि चालू औषधं भरा. गोळ्यांच्या वेळेचे अलार्म लावा. ही अर्ध्या तासाची मेहनत फोनच्या किमतीपेक्षा मोलाची आहे.

एक मात्र सांगतो. फोनच्या हप्त्यासाठी बीपी-शुगरच्या गोळ्या थांबवणारी माणसं आहेत. तसं कधीही करू नका. पैशाची ओढाताण असेल आणि जुन्या फोनला अजून अपडेट मिळत असतील, तर फक्त चांगली बॅटरी बदलून घ्या. तेवढ्यानेही काम भागतं.

पण नवा घ्यायचं ठरलंच असेल, तर आधी हे पाहा: घरात फोन बंद पडल्यावर सर्वात जास्त धोका कुणाला आहे? नवा डबा त्यांच्या हातात द्या.