कान टोचणाऱ्याचा परवाना

‘सोनारानेच कान टोचावेत’, असे मराठीत उगाच म्हटले जात नाही. आता मात्र तान्ह्या बाळापासून कॉलेजातल्या मुलीपर्यंत अनेकांचे कान ब्यूटी पार्लरमध्ये किंवा मॉलमधल्या स्टॉलवर टोचले जातात. तिथला हात जाणता आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला कळायचे कसे? ब्रिटनमधील वेल्सने या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिले आहे.

वेल्सच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील (२०१७) तरतुदींनुसार २९ नोव्हेंबर २०२४ पासून कान व शरीर टोचणे, गोंदणे, अ‍ॅक्युपंक्चर आणि विजेच्या साहाय्याने केस काढणे या चार कामांना परवाना सक्तीचा झाला. त्याआधी १९८२ च्या ब्रिटिश कायद्याखाली स्थानिक प्रशासनाकडे नोंदणी पुरेशी होती. नोंदणी म्हणजे यादीत नाव. त्यासाठी प्रशिक्षणाची अट नव्हती. आता संसर्ग प्रतिबंधाचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय परवाना मिळत नाही. टोचणाऱ्या व्यक्तीला वेगळा परवाना आणि जागेला वेगळे मान्यतापत्र लागते. दोन्हींची मुदत तीन वर्षे.

योजना सुरू झाली तेव्हा व्यक्तीच्या परवान्याचे शुल्क २०३ पौंड आणि जागेच्या मान्यतेचे ३८५ पौंड ठरले. एकट्याने सलून चालवणाऱ्याला दोन्ही मिळून ५८८ पौंड, म्हणजे साधारण ६० ते ७० हजार रुपये पडतात. आकडा मोठा वाटतो; तीन वर्षांवर विभागला तर तो दिवसाला साठेक रुपयांवर येतो. कान टोचणारे आणखी कोणी नेमले, तर प्रत्येकाचा परवाना वेगळा. परवान्याचे शुल्क तीन वर्षांतून एकदाच भरावे लागते. प्रशिक्षण, निर्जंतुक साहित्य, धारदार कचऱ्याची विल्हेवाट आणि हात धुण्याची नीट सोय हे खर्च मात्र चालूच राहतात. स्वस्तात कान टोचून देणारा नेमकी इथेच काटकसर करतो.

ती काटकसर किती महागात पडते, हे अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २००० साली दिसले. दागिन्यांच्या एका स्टॉलवर ११८ जणांनी कान टोचून घेतले. त्यांपैकी सात जणांना ‘स्युडोमोनास’ जंतूचा संसर्ग झाल्याचे सिद्ध झाले, आणखी १८ जण संशयित होते. सिद्ध झालेले रुग्ण १० ते १९ वर्षांचे होते. चौघांना रुग्णालयात दाखल करावे लागले, काहींच्या कानाचा आकार कायमचा बिघडला. तपासात तोच जंतू स्टॉलवरच्या जंतुनाशकाच्या बाटलीत सापडला. हा जंतू ओलाव्यात वाढतो आणि काही सौम्य जंतुनाशकांना दाद देत नाही.

कानाची पाळी मऊ असते, तिला रक्तपुरवठा चांगला असतो. वरच्या कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे तिथे संसर्ग शिरला की शरीराचा प्रतिकार आणि औषध दोन्ही उशिरा पोहोचतात. टोचण्याच्या स्प्रिंगच्या बंदुकीने कूर्चेला जास्त इजा होऊ शकते. प्लास्टिकची बंदूक वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाही, केवळ पुसून घेतली जाते.

भारतात कान टोचण्यासाठी वेगळा राष्ट्रीय परवाना नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा प्रामुख्याने कामगारांच्या सेवाशर्ती पाहतो. सुई कशी हाताळावी, हा त्याचा विषय नाही. गंमत अशी, की हा धोका व्यवस्थेला ठाऊक आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या निकषांनुसार शरीर टोचून किंवा गोंदून घेतलेल्यांचे रक्त १२ महिने स्वीकारले जात नाही, कारण कावीळ ‘ब’ आणि ‘क’ची शक्यता. रक्तपेढीच्या दारात सावधगिरी आहे, पार्लरच्या दारात नाही.

वेल्सचे शुल्क इथे जसेच्या तसे लावले, तर गावचा सोनार आणि गल्लीतले पार्लर परवान्याकडे पाठ फिरवतील आणि काम चोरून चालेल. शुल्क अल्प ठेवून प्रशिक्षण सक्तीचे करणे आणि कूर्चा टोचण्यासाठी अधिक कडक अट घालणे, हा मधला मार्ग निघू शकतो.

तोपर्यंत तपासणी गिऱ्हाइकालाच करावी लागेल. सुई किंवा टोचण्याचे साहित्य सीलबंद पाकिटातून समोर उघडले का, हात धुऊन नवे हातमोजे घातले का, बंदूक पुन्हा वापरली जाणारी आहे का, हे विचारायला लाजू नये. टोचल्यानंतर वरचा कान लाल होऊन सुजला, ठणकू लागला, तर घरगुती लेपात दिवस न घालवता डॉक्टर गाठावा. ओरेगॉनमध्ये बहुतेक रुग्णांना सुरुवातीला दिलेली प्रतिजैविके या जंतूवर लागू पडणारी नव्हती. म्हणून कान कधी, कुठे आणि कशाने टोचला, हे डॉक्टरांना आधी सांगावे.