आवळणे आणि बसवणे

मोटारसायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्या माणसाने आपल्या गाडीची नेहमीची देखभाल स्वतःच्या हाताने करावी, असे माझे मत आहे. हे मत मराठीच्या प्राध्यापकाने मांडावे याचे काहींना नवल वाटेल. 'हा काय वाङ्मयीन प्रश्न झाला का?' असे आमच्या विभागातील एका सहकाऱ्यांनी विचारलेही. मला तो तसा वाटतो. मात्र या मताच्या समर्थनार्थ जी कारणे सहसा दिली जातात, ती मला फारशी पटत नाहीत, हे आधीच नोंदवून ठेवतो. पैसे वाचतात, हे पहिले कारण. हत्यारे, ऑईल, फिल्टर आणि नवशिकेपणी केलेली नुकसानी यांचा हिशेब मांडला तर पहिली काही वर्षे वाचत काहीच नाही. दुसरे कारण स्वावलंबनाचे. त्याकडे पुढे येतो. तिसरे असे की, हे काम करताना ध्यान लागते, चित्त शांत होते. चेन रॉकेलने धुताना माझे चित्त आजवर शांत झालेले नाही. कंबर मात्र दुखते.

हे तिसरे कारण आपल्याकडे एका पुस्तकातून आले. रॉबर्ट पर्सिगचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' १९७४ साली प्रसिद्ध झाले. मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाकडे निघालेले बापलेक, सोबत काही दिवस एक मित्रजोडपे, आणि वाटेत चाललेले तत्त्वचिंतन, असे त्याचे स्वरूप आहे. मित्राची गाडी महागडी, जर्मन. तिच्या हँडलची पकड सैल होते, तेव्हा निवेदक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी आत सरकवण्याचे सुचवतो आणि मित्र दुखावतो. यंत्राकडे पाहण्याच्या दोन दृष्टींचा हा प्रसंग वर्गात सांगितला की विद्यार्थ्यांना लगेच समजतो. त्याच पुस्तकाच्या आरंभी एका गॅरेजचे वर्णन आहे. रेडिओ मोठ्याने लावलेला, पोरे हसतखेळत काम करीत आहेत, आणि गाडी दुरुस्त होण्याऐवजी अधिकच बिघडून परत येते. आपण करतो त्या कामाचेच ही मुले प्रेक्षक झाली आहेत, असे निवेदकाला वाटते. तेव्हापासून तो आपले काम आपणच करू लागतो.

पुस्तक मोठे आहे, याबद्दल वाद नाही. परंतु या नाट्यात पात्रे दोनच आहेत: मालक आणि यंत्र. मेकॅनिक येतो तो निष्काळजी म्हणून येतो आणि पहिल्या काही पानांतच त्याचे काम संपते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत राहून असे वाचन मला जमत नाही. इथे तो तिसरा माणूस पडद्याआड जाऊ शकत नाही.

याचे कारण थोडे मागे जाऊन पाहावे लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ सालचा. त्यात बलुतेदारीची जी मांडणी आहे, ती दुरुस्तीच्या अंगाने पुन्हा वाचण्यासारखी आहे. कुणब्याचा नांगर मोडला तर सुताराकडे, फाळ बोथटला तर लोहाराकडे, मोट फाटली तर चांभाराकडे. आणि मोबदला खळ्यावर, धान्यात. म्हणजे 'आपली वस्तू आपण दुरुस्त करावी' ही आपली परंपरा नव्हेच. दुरुस्ती जातीला नेमून देणे ही आपली परंपरा. वापरणारा आणि दुरुस्त करणारा यांच्यामध्ये आपण केवळ कौशल्याचा नव्हे, जन्माचा फरक घातला. म्हणून आपल्याकडे हात काळे होण्याला एक वेगळा अर्थ आहे, जो पर्सिगच्या अमेरिकेत नाही.

संतांच्या वाङ्मयात हे हात दिसतात. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, नामदेव शिंपी ही नावे आपण व्यवसायासकट उच्चारतो. सेना न्हाव्याच्या अभंगात आरसा आणि चिमटा येतो. आम्ही वर्गात त्यांचे रूपक उलगडून सांगतो आणि पुढे सरकतो. रूपक उमगल्यावर हत्याराचे काम संपले, असे आम्ही गृहीत धरतो. मीही अनेक वर्षे असेच शिकवले.

माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. (२०२१ साली देशातील या सर्व कारखान्यांचे सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले, त्याच्या कितीतरी आधी ते निवृत्त झाले होते.) घरात पाने, पक्कड, कानस, गोट्यांचा संच असे सारे होते; पण मला त्याला हात लावण्याची मुभा नव्हती. 'तू पुस्तक धर' एवढेच ते म्हणत. त्यांनी तीस वर्षे हात काळे केले ते माझे पांढरे राहावेत म्हणून. त्यात त्यांची चूक होती असे मी म्हणणार नाही. मात्र त्या मनाईबरोबर घरातली एक संपूर्ण भाषा माझ्यापर्यंत पोहोचली नाही. दहा-अकराचा पाना आणि बारा-तेराचा पाना यांतला फरक मी चाळिशी ओलांडल्यावर शिकलो.

शिकण्याला निमित्त झाले ते माळशेज घाटाचे. माझी गाडी साडेतीनशे सीसीची, २०१२ सालची. तीन दिवसांपूर्वीच सर्व्हिसिंग करून आणलेली, कागदावर 'केबल तपासली' समोर टिचकी मारलेली. जुन्नरला जाण्यासाठी मुरबाडमार्गे निघालो आणि टोकावड्याच्या पुढे क्लचची केबल तुटली. ज्या ठिकाणी तुटली ते पाहिले तेव्हा कळले की ती एकाएकी तुटलेली नव्हतीच. लिव्हरकडच्या टोकाशी, निपलला लागून, तारेचे एकेक धागे कधीपासून तुटत आले होते. काहींवर गंजही होता. रबर मागे सारून आठवड्याला एकदा बोट फिरवले असते तरी टोचले असते. क्लचशिवाय गाडी ढकलून पहिल्या गिअरमध्ये पाडायची आणि वेग जुळवत पुढचा गिअर टाकायचा, ही विद्या मला तेव्हा नव्हती. टेम्पोत गाडी घालून परत आलो.

त्या कागदावर टिचकी मारणाऱ्या मुलावर मी बरेच दिवस रागावलो होतो. पुढे लक्षात आले की दिवसाला पंधरा-वीस गाड्या हाताखालून काढणाऱ्याला माझ्या केबलचा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. तो गाडी एका दिवसापुरती पाहतो. मागच्या महिन्यात क्लच किती हलका होता आणि आज किती जड आहे, हे फक्त माझ्या डाव्या हाताला ठाऊक असते. नेहमीची देखभाल स्वतः करावी, ती या एवढ्यासाठी. चेन साफ करताना एखादी कडी आखडलेली आहे, हे बोटांना समजते. चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. म्हणून मागचे चाक फिरवून जिथे ती सर्वांत घट्ट असेल तिथे ढील मोजायची असते. माझ्या गाडीला मधोमध वरखाली साधारण अडीच-तीन सेंटिमीटर. ताणून बसवली तर आवाज कमी होतो खरा, परंतु माणूस बसल्यावर ती आणखी ताणली जाते आणि भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. ढील का ठेवायची, हे मला मॅन्युअल वाचून समजले नव्हते. दोन्ही हातांनी चेन धरून कुणाला तरी सीटवर बसवले तेव्हा समजले.

गाड्या आता अशा येतात की घरी काही करता येत नाही, अशी तक्रार असते. ती अर्धी खरी आहे. जुन्या बुलेटला पॉइंटची फट आणि टॅपेट मालकानेच जुळवावेत अशी अपेक्षा असे. माझ्या गाडीचे टॅपेट आपोआप जुळतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि दुचाकींवरून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. परंतु चेन, केबली, ब्रेक, हवा, बॅटरीची टोके, एअर फिल्टर हे सारे होते तिथेच आहे, आणि प्रवासात दगा देते ते बहुतेक यांतलेच काहीतरी.

आता स्वावलंबनाविषयी. ऑईल बदलायला शिकल्यावर मला थोडा अभिमान झाला होता. तिसऱ्या खेपेला ड्रेन बोल्ट बसवताना गळती नको म्हणून मी अंगचे सारे बळ लावले. बोल्ट एकदम हलका झाला. खालचा भाग ॲल्युमिनियमचा, आटे गेले. फिरकीच्या तांब्याचे आटे झिजले की झाकण नुसते फिरत राहते, तसे. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या एका गॅरेजवर गेलो. मेकॅनिकने वाकून पाहिले आणि म्हणाला, "सर, ताकद लावलीत ना? बोल्ट आवळायचा नसतो, बसवायचा असतो. बसला की तो हाताला सांगतो." 'सर' या संबोधनाने मी चमकलो. तो आमच्याच महाविद्यालयात दोन वर्षे होता, माझ्या वर्गात होता, आणि एस. वाय. नंतर आला नव्हता. मला तो आठवत नव्हता. त्याला मी कोणती कविता शिकवली तेही आठवत होते.

त्याने नवे आटे पाडून दिले. ते काम पाहताना माझ्या मनात आले की 'बसवणे' आणि 'आवळणे' यांतला हा भेद एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधात मांडला असता तर मी त्याचे कौतुक केले असते. गॅरेजमध्ये तो रोज दहा वेळा बोलला जातो आणि कोणी लिहून घेत नाही. गाडी 'मिसिंग मारते', केबल 'धरते', ब्रेक 'बसतो', चेन 'बोलते': ही यंत्राची मराठी आहे, क्रियापदांनी चालणारी. साहित्याच्या अभ्यासक्रमात तिला जागा नाही आणि पारिभाषिक कोशांनी तिच्याकडे पाहिल्याचे मला आढळले नाही.

मी त्याला विचारले, आमच्यासारख्यांनी ऑईल घरी बदलायला सुरुवात केली तर तुमचे नुकसान होत नाही का? तो म्हणाला, होते. ऑईल आणि ब्रेक शू यांवरच दुकानाचे भाडे निघते. अवघड कामाला वेळ जातो आणि गिऱ्हाईक घासाघीस करते. या उत्तरावर माझ्याकडे तोड नव्हती आणि आजही नाही. 'आपले काम आपण करावे' हे वाक्य ज्याला ते काम परवडते त्याच्या तोंडी शोभते. मी एक तडजोड केली आहे: जे दर आठवड्याला पाहावे लागते ते मी करतो, ऑईल त्याच्याकडेच बदलतो आणि तो सांगेल ती मजुरी देतो. घरी साठलेले जुने ऑईलही त्याच्या पिंपात जाते. आमच्याकडे ते गटारात ओतण्याची रीत आहे, आणि गटार वालधुनीत जाते. १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वाहणारी ही नदी पुढे उल्हासनगरातून जाताना काय होते, ते रेल्वेच्या डब्यातूनही दिसते.

लोक सांगतात की बदलापुराला ते नाव घोडे बदलण्यावरून पडले. दमलेला घोडा इथे सोडून ताजा घेऊन पुढे जात. व्युत्पत्ती खरी की खोटी, ते तज्ज्ञांनी ठरवावे. दमलेल्या घोड्याचे पुढे कोण काय करी, हे त्या कथेत येत नाही.

वडिलांच्या पान्यांचा संच आता माझ्याकडे आहे. ते खुर्चीत बसून पाहतात आणि फार बोलत नाहीत. परवा चेनला तेल सोडत होतो, तेव्हा एवढेच म्हणाले, "आधी पुसून कोरडी कर." पावसाळ्याआधी ब्रेक फ्लुइड बदलायचे आहे. ते अजून मी केलेले नाही. त्यात हवा राहिली तर काय होते ते मला ठाऊक आहे, म्हणून त्या दिवशी गाडी चार नंबरला नेईन आणि शेजारी स्टुलावर बसून पाहीन.