ऑपरेशन फुकट, हात मात्र गेला

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात पन्नाशी ओलांडलेलं माणूस आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आरोग्य योजनेचा विषय निघाला की आपल्याला एकच आकडा ऐकवला जातो: कुटुंबामागे वर्षाला ५ लाख. २०१२ साली ८ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी' म्हणून सुरू झालेली ही योजना पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली आणि दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली. चांगलंच झालं. माझं मानेचं ऑपरेशन याच योजनेतून झालं, दवाखान्याला एक रुपया द्यावा लागला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी मला योजनेचा वैरी ठरवायला नको. माझी तक्रार या योजनेत जे नाही त्याबद्दल आहे. आणि जे नाही त्यापायी माणसं अपंग होतायत.

आधी आजार समजून घ्या. मान दुखली की आपण लगेच म्हणतो, "नस दबली." पण नस दबणं वेगळं आणि मज्जारज्जू दबणं वेगळं. नस दबली की हातात कळ जाते, माणूस रात्रभर तळमळतो. पण बऱ्याच जणांचं दुखणं औषधं, आराम आणि व्यायामावर काही आठवड्यांत बसतं. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणारी मुख्य केबल. वयानुसार मणके झिजतात, गादी मागे सरकते, हाड वाढतं आणि मानेतल्या त्या अरुंद नळीत ही केबल चेपली जाते. गंमत बघा, यात अनेकांना फारसं दुखतच नाही. शर्टाचं बटण लागत नाही. चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही. चालताना तोल जातो. हनुवटी छातीला टेकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं. पुढे लघवीला घाई होते, आवरत नाही. दुखत नाही म्हणून माणूस घरी बसतो, आणि घरचे म्हणतात, "आता वय झालं."

मी अडतीवर दिवाणजी आहे. तीस वर्षं हिशोबपट्ट्या लिहिल्या. माझं पहिलं लक्षण म्हणजे अक्षर बिघडलं. मालकाला वाटलं चष्म्याचा नंबर बदलला. मी लगेच डॉक्टर गाठला. एकाने शुगर तपासली, दुसऱ्याने बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली, तिसऱ्याने मनगटातली नस दबली म्हणून पट्टा बांधायला लावला. चौथ्याने माझ्या मधल्या बोटाचं टोक झटकलं, अंगठा आपोआप आत वळतो का ते पाहिलं, सरळ रेषेत चालायला लावलं आणि पाच मिनिटांत सांगितलं, "मानेचा एमआरआय करा." पहिल्या लक्षणापासून त्या पाच मिनिटांपर्यंत दीड वर्ष गेलं होतं. आणि हे माझ्या एकट्याचं नशीब नाही. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २०१३ साली छापलेल्या एका पाहणीत निदानाला सरासरी दोन वर्षांहून जास्त वेळ लागल्याचं दिसलं, आणि तिथेही बऱ्याच रुग्णांवर आधी मनगटाच्या नसेचाच शिक्का बसला होता.

आता योजनेकडे या. ती मुळात भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. भरती व्हायचं तर निदान हवं, निदानाला एमआरआय हवा, आणि तो पदरच्या पैशाने. सरकारी मशीनवर करायचा तर जिल्ह्याला खेटे आणि पुढची तारीख. रोजंदारीवरचा माणूस दुखत नसलेल्या मानेसाठी हजारो रुपये आणि चार खाडे का करेल?

ऑपरेशनची भीती तर विचारूच नका. "मानेला सुरी लावली की माणूस लुळा पडतो" हे वाक्य मी किमान पन्नास जणांकडून ऐकलं. धोका नाही असं कुणीच म्हणणार नाही. गळ्याच्या बाजूने ऑपरेशन केलं तर काही दिवस गिळायला त्रास होतो, आवाज बसतो. मला दोन्ही झालं, महिन्याभरात गेलं. शंभरात साधारण पाच जणांचा खांदा उचलायचा कमजोर होतो, आणि त्यातल्या बहुतेकांचा पुढे सुधारतो. क्वचित याहून वाईटही होतं. पण दबलेला मज्जारज्जू तसाच ठेवणं यालाही धोका आहे, आणि तो पारावर बसून कुणी सांगत नाही.

हेही खरं, की पैशासाठी गरज नसलेली ऑपरेशनं करणारे लोक आहेत. नुसती मान दुखते म्हणून कुणी ऑपरेशन सांगत असेल तर जरूर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. पण मज्जारज्जू दबल्याची लक्षणं मध्यम किंवा तीव्र असतील तर ऑपरेशन करावं, ही शिफारस २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. लक्षणं सौम्य असतील तर देखरेखीखाली व्यायाम करून पाहता येतं, बिघडलं तर ऑपरेशन. आणि सलूनमध्ये कडकन मान मोडून घेणं, हाडवैद्याकडून मान ओढून घेणं हे तर अजिबात नको. आधीच चेपलेल्या केबलला असा हिसका म्हणजे घात.

माझ्या दोन गाद्या काढल्या, मणके जोडले, पट्टी आणि स्क्रू बसवले. चौथ्या दिवशी घरी. सर्जनने आधीच स्पष्ट सांगितलं होतं, की ऑपरेशनचं पहिलं काम पुढचं नुकसान थांबवणं. झालेलं किती भरून येईल ते आधी किती काळ गेला आणि नंतर किती मेहनत घेतली यावर. सुधारणा मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत होते, वर्षभर थोडी थोडी चालू राहते.

म्हणजे खरी लढाई घरी आल्यावर सुरू होते. आणि नेमकं तिथेच योजना हात झटकते. घरी सोडल्यावर दहा-पंधरा दिवसांची औषधं आणि तपासणी, बस. फिजिओथेरपी? आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टच नाही. खासगीत एका वेळचे ३०० रुपये, वर एसटीचं तिकीट, सोबत एक माणूस. आठवड्यातून तीनदा, सहा महिने. तुम्हीच हिशोब करा. मी दिवाणजी असून तो मला जमला नाही, तीन महिन्यांत बंद केलं. चालणं सुधारलं. उजव्या हाताची बोटं राहिली ती राहिलीच. ही पोस्ट डाव्या अंगठ्याने टाईप केलीय.

माझं तरी बसून काम. आमच्या यार्डातले एक हमाल मामा आहेत, उभा जन्म डोक्यावर आणि मानेवर पोती वाहिली. त्यांचंही ऑपरेशन झालं, पण फार उशिरा. आता काठी धरून जेमतेम दारापर्यंत येतात. त्यांना उठवायला-बसवायला मामींनी खुरपणीला जाणं सोडलं. एका घरातल्या दोन मजुऱ्या गेल्या. योजनेच्या कागदावर मात्र ते 'यशस्वी शस्त्रक्रिया' म्हणून नोंदलेले असणार.

"सरकारकडे इतका पैसा कुठाय?" असं विचारणारे येतीलच कमेंटमध्ये. अहो, पैसा खर्च झालाच की! सर्जन, भूल, स्क्रू, पट्टी, सगळ्याचे पैसे दिले. मधले चार दिवस विकत घेतले आणि आधीचं दीड वर्ष, नंतरचे सहा महिने वाऱ्यावर सोडले. विहीर खणायची आणि मोटारीला वीज द्यायची नाही, असला हा कारभार.

करायचं काय, तेही सांगतो.

एक. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात हाताने वस्तू धरायला अडचण होते का, पाय कमजोर होऊन चालायला त्रास होतो का, हे प्रश्न आजही आहेत. ते कुष्ठरोग शोधण्यासाठी आहेत. कुष्ठरोग नाही असं ठरलं की तो कागद फाइलला न लावता त्या माणसाची मान प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने तपासावी. पाच मिनिटं लागतात.

दोन. सरकारी डॉक्टरने लिहून दिलं तर एमआरआय मोफत, आणि ठरलेल्या मुदतीत. भरती होण्याआधी.

तीन. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट, आणि मणक्याच्या ऑपरेशनच्या पॅकेजमध्येच सहा महिन्यांची फिजिओथेरपी. शक्य असेल तिथे घरी येऊन. मुंबईत हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे, पण आमच्या मामांनी तिथवर जायचं कसं?

आणि तुम्ही आजच एक करा. घरातल्या मोठ्या माणसांना दहा सेकंदांत मूठ पूर्ण उघडायला आणि पूर्ण मिटायला लावा. धडधाकट माणूस वीसच्या आसपास करतो. बरंच कमी होत असेल, किंवा टाचेला बोटं लावत सरळ चालता येत नसेल, तर लगेच मज्जारज्जू दबला असं समजून घाबरू नका, पण डॉक्टरला "माझी मान तपासा" असं तोंड उघडून सांगा.

येत्या ग्रामसभेत या तीन मागण्यांचा ठराव मी मांडणार आहे. तुमच्या गावातही मांडा. ठरावाचा मसुदा हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, पाठवतो. डाव्या अंगठ्याने लिहायला वेळ लागतो, तेवढं सांभाळून घ्या.