दांत नाहींत, तरी दंतवैद्य

संस्कृतांत दांतांस 'द्विज' म्हणतात. ते दोनदां जन्मास येतात म्हणून. कवळी हा त्यांचा तिसरा जन्म, आणि या जन्मास किडणें-दुखणें नाहीं, अशी आमच्या पिढींतील पुष्कळांची समजूत आहे. 'दांतच उरले नाहींत, मग दंतवैद्याकडे जावयाचें तें कशास?' हा प्रश्न आम्हीं चांगल्या सुशिक्षित घरांतून ऐकला आहे.

प्रश्न बिनतोड वाटतो खरा. परंतु कवळी आहे तशीच राहिली तरी तिच्याखालचें हाड तसें राहत नाहीं. दांत गेले कीं जबड्याचें हाड झिजूं लागतें. पहिल्या वर्षांत ही झीज सर्वांत वेगानें होते, पुढें मंदावते, पण थांबत नाहीं. वरच्यापेक्षां खालच्या जबड्यांत ती अधिक. म्हणून एके काळीं घट्ट बसलेली कवळी आज बोलतांना हलते. घरचे म्हणतात, वय झालें. आजोबा प्रथम भाकरी सोडतात, मग काकडी-गाजर, शेवटीं पंगतीस बसणेंच टाळतात. वास्तविक कवळीस आंतून नवें अस्तर दिल्यानें काम पुष्कळदां भागतें. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन हेहि १७९८ सालीं, कवळी ओठ पुढें ढकलते अशी तक्रार दंतवैद्यास लिहीत होते. आमच्याकडील कांहीं गृहस्थ मात्र स्वतःच कानस घेऊन बसतात!

रात्रीं कवळी काढून, घासून, पाण्यांत ठेवावी, हें सर्वांस ठाऊक आहे, करितात थोडे. रात्रंदिवस ती तोंडांत राहिल्यास टाळूवर बुरशी वाढते व लाली येते. बहुधा दुखत नाहीं, म्हणून कळतहि नाहीं. उकळत्या पाण्यानें मात्र कवळीचा आकार बिघडतो, हें सोंवळ्याच्या अति आवडीच्या मंडळींस सांगून ठेवतों.

खरी धास्ती निराळीच आहे. कवळीची कड लागून जखम होते. तोंडाच्या कर्करोगाची सुरुवातहि तशाच जखमेसारखी दिसूं शकते, आणि आरंभीं ती पुष्कळदां दुखत नाहीं. 'कवळी लागली असेल' म्हणून माणूस महिनेच्या महिने घालवितो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, हीं त्वरित दाखवावींत. तंबाखू-सुपारी खाणारांनीं, पूर्वीं खाऊन सोडलेल्यांनीं, तर विशेषच. कांहीं होत नसलें तरी वर्षांतून एकदां जावें, कारण जीभ, गाल, टाळू यांचे कोपरे आरशांत आपल्याला दिसत नाहींत.

जातांना कवळी बरोबर न्यावी. ती घरीं डबींत ठेवून गेलेले आजोबा आम्हीं पाहिले आहेत.