‘बॅटरीच तर आहे!’ म्हणणाऱ्यांना आमचा सवाल



डब्याखालच्या बॅटरीवर काम करणाऱ्या साथीने रबरी हातमोजे मागितले की साहेबांचे उत्तर ठरलेले : ‘बॅटरीच तर आहे, शॉक थोडाच बसतो?’ मेल मोटारच्या गॅरेजमधील टपाल बंधूंनाही हेच ऐकावे लागते. या उत्तराचा आज समाचार घेणे भाग आहे.

१२ व्होल्टने कोरड्या हाताला शॉक बसत नाही, हे आम्हीही मानतो. परंतु शॉक हा विजेचा एकच दात. दुसरा दात अँपिअरचा. गाडीच्या बॅटरीचा आतला रोध ०.०१ ओहम धरा. दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला की १२०० अँपिअरपर्यंत करंट धावतो. पाना तापून लाल होतो, शिसे वितळून उडते. आमच्या एका साथीची अंगठी पाना आणि शेजारच्या सेलची पट्टी यांत सापडली. क्षणात बोट हाडापर्यंत भाजले. शॉक मात्र बसला नव्हता, साहेब!

रेल्वेच्या डब्यात तर ११० व्होल्ट डीसी. घामेजल्या हाताला तो शॉकही देतो. घरची वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी लवकर विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी तुटता तुटत नाही. म्हणूनच डीसीसाठी न बनवलेला फ्यूज तेथे बसवणे हा गुन्हा आहे.

आणि ढिला नट? त्या जोडात ०.०५ ओहमचा रोध आला आणि १०० अँपिअर वाहू लागले, तर तेथे ५०० वॉट उष्णता तयार होते. एका नटात शेगडी पेटली म्हणा ना! करंट वाढलेला नसतो, म्हणून फ्यूज उडत नाही. वायर मात्र जळते. त्यात चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते.

हे सारे प्रशासनाच्या पुस्तकांत छापलेले आहे. तरीही जागा रिकाम्या ठेवायच्या, कंत्राटी पोराला प्रशिक्षणाविना बॅटरीपाशी उभे करायचे, आणि डबा जळाला की चौकशीत ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’ लिहायचा! नट आवळायला माणूसच दिला नाही, हा निष्काळजीपणा कोणाचा?

आमच्या मागण्या साध्या आहेत :

१) प्रत्येकाला इन्सुलेटेड पाने, चष्मा व हातमोजे.
२) बॅटरी रूममध्ये खेळती हवा आणि डोळे धुण्यास पाणी.
३) योग्य क्षमतेचे, डीसीचेच फ्यूज.
४) कंत्राटी कामगारांसह सर्वांना प्रशिक्षण.

आपणही एक शिस्त पाळू. अंगठी, कडे, घड्याळ काढल्याशिवाय बॅटरीला हात लावायचा नाही. फ्यूजच्या जागी जाड तार घालायची नाही, साहेबांनी सांगितले तरी नाही! ‘लेखी द्या’ म्हणा आणि शाखेला कळवा. साथींनो, गाडी वेळेवर सुटली पाहिजे, पण आपले हात शाबूत ठेवून!

कामगार एकजुटीचा विजय असो!