पाखरांची कोशिंबीर

घरात तळणीचा वास दरवळू लागला की माणसाच्या अंगी औदार्य संचारते. शेजारीपाजारी फराळाची ताटे जातात. रखवालदार, पोस्टमन, धुणेभांडीवाल्या बाई या साऱ्यांची आठवण ठेवली जाते. मग घरातल्या शेंडेफळाच्या ध्यानात येते की, गॅलरीतल्या पिंजऱ्यातल्या पाखरांना कोणी काहीच दिले नाही! "त्यांची दिवाळी नको का?" असे म्हणत चकलीचा एक तुकडा गजांतून आत सरकतो. पाखरू तो मान वाकडी करून कुरतडते आणि सारे घर कौतुकाने पाहत राहते. "बघा, बघा, किती आवडली त्याला!"

वाचकहो, आजचा मजकूर त्या चकलीच्या तुकड्याविषयी आहे. सणासुदीला विरस करण्याचा हेतू नाही. पण तेल, मीठ आणि तिखटमसाल्याचा तो तुकडा ज्याच्या पोटात जातो, त्याचे सारे वजन तीस-चाळीस ग्रॅम असते, हे कोणीतरी सांगायलाच हवे. आपल्याला जी चिमूटभर, ती त्याला ओंजळभर.

खाऊ घालणे ही आपली प्रेमाची भाषा आहे. एक घास काऊचा, एक घास चिऊचा असे म्हणत आपण लेकरे वाढवतो. कोणावर फार जीव असला तर आपल्या तोंडचा घास काढून देतो. मी कॉलेजात मराठी शिकवते, तेव्हा या वाक्प्रचाराचा मला अभिमान आहे. परंतु पाखरांच्या बाबतीत तो वाक्प्रचार पुस्तकातच राहू द्यावा. पुष्कळ घरी ओठांत दाणा धरून पक्ष्याला भरवण्याची हौस असते. माणसाच्या लाळेतले जंतू माणसाला सोसतात, पाखराला सोसत नाहीत. ज्याच्यावर प्रेम करायचे त्याच्या पोटाकडे पाहून घास करावा, आपल्या जिभेकडे पाहून नव्हे. एवढे एकच सूत्र या लेखात आहे. बाकी सारा त्याचा विस्तार.

आता पाखरे कोणती? आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट पिंजऱ्यात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा कितीही गोड बोलला तरी त्याला झाडावरच बोलू द्यावे. मंडईतला पक्षीवाला आपल्याला 'लव्हबर्ड' म्हणून जी पिवळी-निळी-हिरवी जोडी देतो, ती बहुधा लव्हबर्डची नसतेच. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. ही जोडी असते बजरीगारची, आणि तिचे मूळ घर ऑस्ट्रेलियात. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने 1840 साली हे पक्षी जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभरच्या घरांत शिरले. आपल्याकडेही बहुतेक गॅलऱ्यांत तेच असतात, म्हणून पुढचे सारे मुख्यत्वे त्यांना धरून लिहिते आहे. कॉकाटील आणि खरे लव्हबर्ड यांनाही त्यातले बरेचसे लागू पडते.

या बजरीगारला आपण काय घालतो? एक वाटी राळे. दुकानदार त्यांना 'कांगणी' म्हणतो. संस्कृतातला 'कंगु' तो हाच. वाटी सकाळी भरली की आपले कर्तव्य संपले! दुकानदारही सांगतो, "ताई, याला काही लागत नाही. दाणे टाका, पाणी टाका."

आमच्या इमारतीतल्या एका घरची गोष्ट सांगते. मंडळी चार दिवस गावी गेली. जाताना दोन्ही वाट्या काठोकाठ भरून ठेवल्या. परत येऊन पाहतात तो एक पक्षी मेलेला आणि दुसरा कोपऱ्यात पिसे फुलवून बसलेला. वाटी तर भरलेलीच! "अन्न समोर असून खाल्ले नाही हो," असे त्या बाई डोळ्यांना पदर लावून सांगत होत्या. कोणीतरी त्या वाटीवर फुंकर मारली, आणि वरचा सारा थर उडून गेला. ती टरफले होती. बजरीगार दाणा चोचीत फिरवून सोलतो, गर खातो आणि टरफल तिथेच टाकतो. दोन दिवसांत वाटी टरफलांनी भरते आणि लांबून पाहणाऱ्याला ती दाण्यांनी भरलेली दिसते. भरल्या वाटीपुढे उपासमार! तेव्हा पहिला नियम हा की, रोज सकाळी वाटीवर फुंकर मारावी, टरफले उडवावीत आणि मग किती दाणे उरले ते पाहावे. एका पक्ष्याला दिवसाला दीड-दोन चहाचे चमचे दाणे पुरतात.

पण दाणे भरपूर मिळाले म्हणजे पोषण झाले असेही नव्हे. कोरड्या दाण्यांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते आणि कॅल्शियम फार थोडे असते. त्यात सूर्यफुलाचे बी मिसळलेले असले, तर त्याच्या गरात निम्मे तेलच असते. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला उडायला जागा नाही. ते तेल जिरायचे कुठे? यकृतावर चरबी चढते. अ जीवनसत्त्वाअभावी नाकातोंडातले आतले अस्तर बिघडते आणि श्वासाचे विकार होतात. मादीला कॅल्शियम कमी पडले की अंडे पोटात अडते आणि त्यातच तिचा जीव जातो. नीट निगा राखली तर सात-आठ वर्षे सहज जगणारा हा पक्षी दोन-तीन वर्षांत गेला, की आपण म्हणतो, "नाजूकच जात ती!" जात नाजूक खरी, पण दोष बहुधा वाटीचा असतो.

यावर कोणी विचारील, रानात तरी ते गवताचे बीच खातात ना? खातात. पण कोणते? ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात हे पक्षी थव्याथव्यांनी पावसामागे हिंडतात. पाऊस पडून गवत वाढते, त्याला तुरे येतात, आणि तुऱ्यातले कोवळे, दुधाळ दाणेही ते पिकल्या दाण्यांबरोबर खातात. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांच्या ताटात हुरडा असतो! आपण मात्र बारा महिने त्यांना कोठारातले वाळके धान्य घालतो.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते. बाणभट्टाची 'कादंबरी' सातव्या शतकातली. जिच्या नावावरून मराठीत साऱ्या कादंबऱ्यांना नाव मिळाले, ती ही. तिच्यात वैशंपायन नावाचा पोपट शूद्रक राजाच्या दरबारी येतो. राजा त्याला विचारतो, अंतःपुरात काही खायला मिळाले की नाही? पोपट मोठ्या रसिकतेने सांगतो की जांभळाचा रस प्यालो, डाळिंबाचे दाणे फोडले, आवळ्यासारखी हिरवी फळे चाखली. राजवाड्यात मिठाईला काय तोटा होता? पण पोपटापुढे ठेवली ती ताजी फळे.

आपल्याला राजवाडा नको, आपले स्वयंपाकघर पुरे. कोशिंबीर करता येते ना? मग हीही येईल. मात्र ही कोशिंबीर मिठाविना, साखरेविना, लिंबाविना, दह्याविना, दाण्याच्या कुटाविना आणि फोडणीविना करायची. "मग तिच्यात उरले काय?" असे आपल्या घरचे पुरुष विचारतील. पाखराला हवे ते सारे उरले!

एका जोडीसाठी बेत असा: एक चमचा बारीक चिरलेला हिरवा पाला, एक चमचा मोड आलेली धान्ये आणि अर्धा चमचा किसलेले गाजर किंवा लाल भोपळा. पाला कोथिंबिरीचा, मेथीचा किंवा शेवग्याचा असावा. शेवग्याचा पाला मिळाला तर उत्तम. अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही त्यात असतात. पालकातले एक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून पालक एखादे वेळीच. भोपळी मिरची चालते, मक्याच्या कोवळ्या कणसाचा तुकडा फार आवडतो, आणि हिरवी मिरचीसुद्धा चालते. आपली जीभ भाजणाऱ्या तिच्यातल्या द्रव्याची पक्ष्यांना जाणीवच होत नाही. आजोबांच्या काळचा पोपट मिरची मिटक्या मारीत का खाई, त्याचे कोडे असे सुटते. फळांपैकी पेरू, पपई, डाळिंब, सफरचंद यांची एखादी फोड द्यावी. फळांत साखर असते, म्हणून ती भाजीपेक्षा कमी. सफरचंदाच्या बिया मात्र काढून टाकाव्यात, त्या विषारी असतात. पाला वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा धुवावा, कारण त्यावर काय फवारले आहे ते आपल्याला ठाऊक नसते.

मोड आणणे मराठी गृहिणीला शिकवावे लागत नाही. फक्त मटकी-मुगाच्या जोडीला मूठभर राळे आणि बाजरी घ्यावी. आठ-दहा तास भिजवून, स्वच्छ धुऊन, ओल्या फडक्यात बांधून ठेवावी; मोडाचे टोक डोकावले की पुरे. देण्यापूर्वी पुन्हा धुवावे आणि नाकाशी धरून पाहावे. आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा वाटला तर सरळ फेकून द्यावे, तिथे काटकसर नको. राजमा, पावटा असली मोठी कडधान्ये कच्ची कधीही देऊ नयेत. धान्याला मोड आला की ते पुन्हा सजीव होते, हुरड्याच्या एक पाऊल जवळ येते.

याहून सोपी युक्ती आपल्या देवघरातच आहे. नवरात्रात घटाभोवती मातीत आपण धान्य पेरतो आणि नऊ दिवसांत ते हिरवेगार तरारून येते. तेच एखाद्या कुंडीत वर्षभर करावे. गहू, बाजरी, राळे, काहीही पेरा. मात्र पेरणीचे औषध लावलेले बियाणे नको, घरचे खाण्याचे धान्य घ्या. आठ-दहा दिवसांत वाढलेल्या गवताची जुडी कापून, धुऊन, पिंजऱ्यात टांगावी. ओल्या पानांत अंग घासून पाखरे न्हातातही आणि खातातही. दोन कुंड्या आलटून पालटून पेरल्या तर हिरव्याचा खंड पडत नाही.

आठवड्यातून एखादे दिवशी गरम जेवण करावे: तांदूळ, मुगाची डाळ आणि लाल भोपळा यांची मऊ, बिनमिठाची खिचडी, पुरती निवलेली. ज्यांच्या घरी चालते त्यांनी उकडलेल्या अंड्याचा पाव चमचा चुरा द्यावा. पिल्ले असताना त्याचा फार उपयोग होतो. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणावा. नाव फेस असले तरी तो माकळासारख्या एका सागरी जीवाच्या पाठीतला कठीण भाग असतो. पिंजऱ्याला तारेने बांधून ठेवला की पाखरू हवा तेव्हा त्यावर चोच घासते.

ओले अन्न दोन तासांत बाहेर काढावे. आपल्या हवेत ते लवकर नासते. पाणी रोज बदलावे, वाटी रोज घासावी.

आता काय देऊ नये, तेही स्पष्ट सांगते. चॉकलेट, चहा, कॉफी आणि ॲव्होकाडो ही पक्ष्यांना साक्षात विषे. कांदा-लसूण नको, मीठ नको, तळलेले काहीही नको. दूध-पोळी हा फार जुना लाड. पण दूध हे सस्तन प्राण्यांचे अन्न, पाखरांना त्यातली साखर पचवता येत नाही. शेंगदाण्याला बुरशी लवकर धरते, म्हणून तोही टाळावा. आणखी एक गोष्ट, अन्न नव्हे पण स्वयंपाकघरातलीच: न चिकटणारा तवा फार तापला की त्याच्या लेपातून जो वायू सुटतो, त्याने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पिंजरा स्वयंपाकघराजवळ असू नये.

हे सारे वाचून उद्याच दाण्याची वाटी काढून टाकू नका. जन्मभर राळे खाल्लेले पाखरू कोथिंबीर पाहून घाबरते. ती खायची असते हेच त्याला ठाऊक नसते. दाणे नेहमीचेच ठेवावेत आणि सकाळी, भूक असताना, कोशिंबीर शेजारी ठेवावी. आज नाही खाल्ली, उद्या ठेवावी, महिनाही लागेल. उपाशी ठेवून शिकवू नये, कारण एवढासा जीव एक दिवसाची उपासमारही सोसत नाही. आपण पिंजऱ्यासमोर बसून तीच कोथिंबीर चघळावी. पाखरे अनुकरणप्रिय असतात. पिसे फुलवून गप्प बसले, विष्ठा बदलली किंवा वजन उतरले, तर मात्र घरगुती उपाय करीत न बसता पशुवैद्याकडे न्यावे.

वाचक मातापित्यांना एक विनंती. पाखरू मुलांच्या हट्टासाठी आणलेले असते आणि महिन्याभरात ते आईच्या गळ्यात पडते. या पाडव्यापासून ते काम मुलांकडे परत द्या. रोज सकाळी शाळेपूर्वी वाटीवर फुंकर मारायची, पाणी बदलायचे, पाच पाने धुऊन चिरायची. दहा मिनिटांचे काम आहे. पण आपल्यावाचून ज्याला घास मिळणार नाही असा एक जीव घरात आहे, हे रोज दहा मिनिटे आठवणारे मूल पुढे माणसांच्याही ताटाकडे लक्ष देईल, असे मला शिक्षिका म्हणून वाटते.

सर्व वाचकांना आणि त्यांच्या पाखरांना ही दिवाळी सुखाची जावो.