बिऱ्हाड नेमकं कोणाच्या पाठीवर?

2002 च्या विश्वचषकात नायजेरियाचा संघ जपानमधल्या काशिमा इथे अर्जेंटिनाविरुद्ध उतरला, तेव्हा आघाडीच्या फळीत 17 वर्षांचा एक मुलगा होता. त्याचं नाव बार्थोलोम्यू ओगबेचे. बातिस्तुताच्या एकुलत्या एका गोलवर नायजेरिया हरलं, पण या पोराचं पुढे मोठं नाव होणार याबद्दल फारशी कुणाला शंका नव्हती. पॅरिस सेंट-जर्मेनसारख्या क्लबमध्ये तो तयार होत होता आणि सरावाला बाजूला रोनाल्डिन्यो असायचा.

मोठं नाव झालं नाही. झाला तो प्रवास. फ्रान्समध्येच बास्तिया आणि मेट्झ, मग अबूधाबीचा अल जझीरा. स्पेनमध्ये अलावेस, वायादोलिद, कादिझ. ग्रीसमध्ये कावाला, इंग्लंडमध्ये मिडल्सबरो, पुन्हा स्पेनमध्ये हेरेस, शेवटी नेदरलँड्समध्ये कंबूर आणि विलेम टू. कुठे उसनवारीवर, कुठे एका हंगामाच्या करारावर. वयाची तेहतिशी गाठून 2018 मध्ये तो गुवाहाटीत नॉर्थईस्ट युनायटेडकडे आला, तेव्हा आपल्याकडच्या जाणकारांनी नाकं मुरडली. युरोपात कुणी विचारेना म्हणून इकडे आला, एवढंच त्या नाकांचं म्हणणं.

पुढचं सगळं आकड्यांत आहे. नॉर्थईस्टसाठी 12 गोल, आणि तो क्लब पहिल्यांदाच बाद फेरीत. केरळ ब्लास्टर्ससाठी 15. मुंबई सिटीसाठी 8, हैदराबादसाठी दोन हंगामांत 18 आणि 10. एकूण 63. इंडियन सुपर लीगमध्ये त्याच्याहून जास्त गोल तोवर कुणाचेच नव्हते. 2024 मध्ये सुनील छेत्रीने त्याला मागे टाकलं. 18 गोलांच्या हंगामात सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूटही ओगबेचेचाच, आणि तेव्हा तो 37 वर्षांचा होता. त्या वयात तो धावायचा कमी. बचावपटूला पाठीवर घेऊन उभा राहायचा, चेंडू पायाशी आला की आधी अंगाची आडकाठी, मग वळण, मग फटका. 13 मार्च 2021 ला गोव्यातल्या फातोर्ड्यात रिकाम्या स्टेडियममध्ये मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला 2-1 हरवून विजेतेपद मिळवलं, त्यातला 90 व्या मिनिटाचा गोल बिपिन सिंगच्या नावावर आहे. पण पुढे धावून आलेल्या गोलरक्षकाशी झटापट होऊनही चेंडू न सोडता तो बिपिनपर्यंत पोहोचवला ओगबेचेने. ही हुशारी बारा गावचं पाणी प्यायल्यावरच येते.

अशा खेळाडूला आपण सरसकट ‘भाडोत्री’ म्हणतो. क्लबवर निष्ठा नाही, जर्सी बदलत राहतो, पैसा दिसेल तिकडे जातो. हा आरोप तपासून पाहायला हवा. स्ट्रायकरचं काम संघात सर्वांत सहज मोजता येतं. बचावपटूचा हंगाम कसा गेला यावर वाद घालता येतो. स्ट्रायकरने 4 गोल केले की 14, हे पेपरात छापून येतं. गोल आटले की तो पहिला जातो आणि गोल झाले की त्याला दुसरा कुणी उचलतो. त्यात डिसेंबर 1995 च्या बोस्मान निकालाने युरोपीय संघातल्या खेळाडूंना करार संपताच मोफत क्लब बदलायची मुभा दिली. खेळाडूंचे हात मोकळे झाले हे खरं, पण क्लबांनाही छोटे करार करून हात झटकणं सोपं गेलं.

फिरस्त्या स्ट्रायकरांच्या जातीचा अस्सल नमुना म्हणजे उरुग्वेचा सेबास्तियान अब्रेऊ. 2017 मध्ये चिलीतल्या ऑडॅक्स इटालियानोत गेला तेव्हा तो त्याचा 26 वा क्लब होता, आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पण याच माणसाने 2010 च्या विश्वचषकात घानाविरुद्धच्या शूटआउटमधली शेवटची पेनल्टी गोलरक्षकाला चकवत अलगद मधोमध टाकली आणि उरुग्वेला उपांत्य फेरीत नेलं. निष्ठा नसलेल्याचं हे काम आहे, असं मोंतेविदेओत जाऊन कुणी म्हणून दाखवावं.

आता आपल्या अंगणात येऊ. खेळाडू फिरस्ते, हे ठीक, क्लबांचं काय? पुण्याच्या बालेवाडीत 2014 मध्ये फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे एफसी पुणे सिटीकडून खेळला. 2019 मध्ये तो क्लबच संपला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. 2022 मध्ये हैदराबाद विजेता ठरला. फातोर्ड्यातल्या त्या अंतिम सामन्यात गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमनीने शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवल्या. त्यानंतर दोन वर्षांच्या आत पगार थकले, फिफाने नवे खेळाडू घेण्यावर बंदी घातली आणि विजेता संघ तळाला गेला. 2025 मध्ये त्या क्लबने गाशा गुंडाळला तो थेट दिल्लीत, नावही बदललं: स्पोर्टिंग क्लब दिल्ली.

ब्राझीलच्या मार्सेलिन्योची गंमत पाहा. 2016 मध्ये दिल्लीकडून 10 गोल करून त्याने गोल्डन बूट घेतला. मग तो पुणे सिटीकडे आला, मग हैदराबाद, मग ओडिशा. तिथवर नोंदवहीत चार क्लब. पण हैदराबाद पुण्याच्या जागेवर आलेला आणि ओडिशा म्हणजे स्थलांतरित दिल्लीच. तोवर लीगमधल्या दोनच खुर्च्यांवर तो बसला होता, खुर्च्याच गावं बदलत राहिल्या. यात भाडोत्री कोण?

गोव्यात याच्या उलट चित्र होतं. धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स हे घराण्यांनी पोसलेले क्लब. तिथे रांटी मार्टिन्स आणि ओडाफा ओकोली हे नायजेरियन स्ट्रायकर वर्षानुवर्षं टिकले, गोलांचे ढीग लावले. म्हापशाच्या किंवा मडगावच्या प्रेक्षकाला ते आपलेच वाटत. परदेशी खेळाडूही रमतो, क्लब जागेवर असेल तर. पण फ्रँचायझींच्या इंडियन सुपर लीगला पहिल्या दर्जाचं स्थान देण्याचा आराखडा पुढे आला तेव्हा गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिघेही 2016-17 च्या हंगामाआधी तेव्हाच्या पहिल्या दर्जाच्या आय-लीगमधून बाहेर पडले. खेळाडू टिकवू शकणारे क्लब आपण आधी गमावले आणि मग खेळाडू टिकत नाहीत म्हणून तक्रार केली.

परदेशी स्ट्रायकरांनी भारतीय पोरांची जागा अडवली, ही तक्रारही खरी आहे, पण अर्धी. 2021-22 पासून एका वेळी मैदानावर पाचऐवजी चारच परदेशी खेळाडू हा नियम झाला, आणि उरलेल्या चारांतला एक बहुतेक वेळा नऊ नंबरवाला स्ट्रायकरच राहिला. परिणाम असा की 2024 मध्ये भारतीय संघातून निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं. मात्र ओगबेचेसारखा माणूस पाच वर्षं, चार शहरांत, आपल्या डोळ्यांदेखत गोल करत होता. पेनल्टी बॉक्समध्ये उभं कुठे राहायचं हे त्याच्याकडून शिकून घ्यायचं, तर तो आणि कुणी वीस वर्षांचा भारतीय स्ट्रायकर एकाच क्लबमध्ये तीन-चार हंगाम तरी असायला हवे होते. एकेका हंगामाच्या करारात ते जमणारं नव्हतं.

म्हणून ओगबेचेसारख्यांच्या येण्याजाण्यावर आक्षेप घेण्याआधी क्लबांना परवाना देताना अटी घालाव्यात: हंगाम सुरू होण्याआधी सगळ्या पगारांची बँक हमी, आणि ठरावीक वर्षं शहर सोडायला मनाई. शिवाय पस्तिशी ओलांडलेल्या परदेशी खेळाडूशी करार करताना खेळण्याबरोबर अकादमीतल्या मुलांच्या सरावाचे तास त्यात लिहून घ्यावेत. यातली पहिली अट 2023 मध्ये हैदराबादला लागू असती, तर तिथल्या खेळाडूंवर हंगामाच्या मध्यात दुसरा क्लब शोधायची वेळ आली नसती.